गाडी सर्व्हिसिंगला कधी टाकायची?

दहा हजार किलोमीटर झाले की गाडी गॅरेजात, हा हिशेब सोपा आहे. पण बंगळुरूच्या इंदिरानगरातले दहा हजार किलोमीटर आणि महामार्गावरचे दहा हजार किलोमीटर सारखे असतात का? आणि जी गाडी फारशी चालतच नाही, तिचं काय?

श्रावण सरत आला की बंगळुरूतल्या मराठी घरांत एकच विषय असतो. गणपतीला गावी कसं जायचं? इंदिरानगरातलं असंच एक कोकणातलं घर डोळ्यांसमोर आणा. रेल्वेचं आरक्षण हुकलेलं, विमानाची तिकिटं परवडेनाशी झालेली. मग गाडीनेच निघायचं ठरतं. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड, बेळगाव आणि तिथून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरची मजल. मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलं, डिकीत सामान. निघायला आठवडा उरला की घरातली बाई विचारते,

"अहो, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीत का?"

"अगं, आत्ताच कशाला? मागच्या सर्व्हिसिंगपासून पाच हजारसुद्धा झाले नाहीत. पुस्तकात दहा हजार लिहिलंय."

"पण मागचं सर्व्हिसिंग झालं कधी?"

इथे गृहस्थ जरा अडखळतात. मुलगा दहावीत होता तेव्हा. आणि मुलगा आता बारावीत आहे!

या दोघांमध्ये बरोबर कोण? मीटरवरचा आकडा खरा आहे, यात शंका नाही. पण गृहस्थांनी पुस्तिकेतलं अर्धंच वाक्य वाचलं आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत 'दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. कंपनीगणिक आकडा थोडा बदलतो, पण 'जे आधी होईल ते' ही अट सगळीकडे असते. आणि नेमकी तीच विसरली जाते.

फियाटचा काळ, मारुतीचा काळ

हा घोळ होण्याचं एक कारण म्हणजे प्रत्येक घरात मोटारीविषयीचं शहाणपण वडिलांकडून मुलाकडे येतं, आणि वडिलांची गाडी वेगळी असते. फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर बाळगणाऱ्या पिढीला गॅरेजची वाट पाठ होती. कार्ब्युरेटर साफ करायचा, पॉइंट घासायचे, प्लगची गॅप बघायची, सांध्यासांध्यांत ग्रीस भरायचं. थोड्याथोड्या दिवसांनी हे केलं नाही तर गाडी सकाळी चोक ओढूनही सुरू व्हायची नाही. त्या काळी गाडी स्वतःच मालकाला सर्व्हिसिंगची आठवण करून देत असे.

मग मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. त्यांच्याच नावाने इंदिरानगर ओळखलं जातं. मारुतीने मध्यमवर्गाला गाडी दिली, तशीच सर्व्हिसिंगची ठरावीक वेळ पाळायची सवयही लावली. दर पाच हजारांना ऑइल बदलायचं, हे अनेक घरांत तेव्हापासून पक्कं बसलं.

आता गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर नाही, पॉइंट नाहीत. ऑइलही सुधारलं आहे. म्हणून पाचाचे दहा हजार झाले. गाडी रोज निमूट सुरू होते, कुरकुर करत नाही. धोका आहे तो इथेच. पूर्वीची गाडी बिघडण्याआधी दहा वेळा खोकायची. आताची गाडी बरीच वर्षं काही बोलत नाही आणि बोलते तेव्हा मोठं बिल हातात ठेवते.

शेजारच्या विमानांची शिस्त

गाडी कधी दाखवायची हे समजून घ्यायला इंदिरानगरकरांना लांब जायची गरज नाही. त्यांच्या शेजारीच हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलचा कारखाना आणि विमानतळ आहे. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू होईपर्यंत बंगळुरूची सगळी प्रवासी विमानं इथूनच उडत होती.

या कारखान्याचं मूळ मराठी मुलखाशी जोडलेलं आहे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. १९४२ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या उरलेल्या काळात दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती आणि ओव्हरहॉलिंग इथे होऊ लागलं. याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप ज्या गाडीने ठरवलं ती हीच. त्या टॅक्सींची रस्त्यावरची अखेरची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

एकाच माणसाने विमानाचा कारखाना काढला आणि मोटारीचाही. पण विमानाच्या देखभालीची जी शिस्त आहे ती मोटारीच्या मालकाने कधी उचलली नाही. विमानाची तपासणी कधी करायची हे केवळ ते किती मैल उडालं यावर ठरत नाही. तिथे तीन हिशेब ठेवतात. पहिला, किती तास उडालं. दुसरा, किती वेळा उडालं आणि उतरलं. तिसरा, मागच्या तपासणीला किती महिने झाले. ज्याची मुदत आधी भरेल, त्यानुसार काम निघतं. महिनोन् महिने हँगरमध्ये उभं राहिलेलं विमान 'कुठे उडालंय ते?' असं म्हणून कोणी तसंच आकाशात सोडत नाही.

मोटारीलाही हेच तीन हिशेब लागू पडतात. फरक इतकाच की मीटर आपल्याला फक्त अंतर दाखवतो.

पहिला हिशेब : तास

एप्रिल २०२१ मध्ये एक जाहिरात देशभर गाजली. मराठी घरात जन्मलेला, बंगळुरूत वाढलेला आणि आयुष्यभर शांतपणासाठी ओळखला गेलेला राहुल द्रविड त्या जाहिरातीत ट्रॅफिकमध्ये अडकून संतापतो, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि 'इंदिरानगर का गुंडा हूँ मैं' असं ओरडतो. सगळे हसले, कारण द्रविडचं ते रूप कोणी पाहिलेलं नव्हतं. पण बंगळुरूकरांना त्यातलं ट्रॅफिक मात्र अगदी ओळखीचं वाटलं.

त्या ट्रॅफिकचा आकडाही उपलब्ध आहे. टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत बंगळुरूच्या मध्यवर्ती भागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते. जगात लंडनच्या खालोखाल दुसरा क्रमांक! म्हणजे गाडीचा वेग ताशी २१ किलोमीटरच्याही आतच. आता हिशेब करून बघा. या वेगाने दहा हजार किलोमीटर कापायला इंजिन जवळजवळ ४८५ तास चालतं. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने तेच अंतर सुमारे १६७ तासांत होतं. मीटर दोन्हीकडे दहा हजारच दाखवतो, पण शहरातलं इंजिन जवळजवळ तिप्पट वेळ फिरलेलं असतं.

इंदिरानगरातून व्हाइटफील्डला रोज गाडीने जाणाऱ्याचं उदाहरण घ्या. जाऊन-येऊन तीस किलोमीटर आणि वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर ७,२०० किलोमीटर झाले. ताशी २१ च्या वेगाने इंजिनाचे तास झाले ३४० च्या वर. महामार्गावर तेवढ्या तासांत वीस हजार किलोमीटर झाले असते.

अर्थात सिग्नलला उभ्या असलेल्या इंजिनावर चढावर धावणाऱ्या इंजिनाइतका ताण नसतो. त्यामुळे झीजही सरळ तिप्पट होते असं म्हणता येणार नाही. पण ऑइल तेवढा वेळ तापत असतं, एसी चालू असतो, क्लच आणि ब्रेक शेकडो वेळा दाबले जातात, आणि रस्त्यावरच्या खोदकामाची धूळ एअर फिल्टर ओढून घेत असतो. म्हणूनच पुस्तिकेच्या मागच्या पानांत 'कठीण परिस्थितीतील वापर' अशा अर्थाचा वेगळा तक्ता असतो. थांबत-थांबत चालणारी गाडी, धूळ, खराब रस्ते, सतत छोट्या फेऱ्या, असं सगळं त्यात मोडतं. अशा वापराला ऑइल आणि फिल्टर लवकर बदलायला सांगितलेले असतात, कित्येकदा निम्म्या मुदतीत. आपला वापर 'कठीण' आहे असं कोणालाच वाटत नाही. पण तो तक्ता वाचला तर भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहरातल्या गाडीचंच वर्णन वाचल्यासारखं वाटतं.

दुसरा हिशेब : फेऱ्या

सकाळी मुलाला शाळेत सोडायचं, येताना सीएमएच रोडवर भाजी घ्यायची, संध्याकाळी हंड्रेड फीट रोडला एखादं काम. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. गृहस्थांना वाटतं, गाडीला काहीच श्रम नाहीत. इंजिनाच्या दृष्टीने मात्र हा सगळ्यात वाईट वापर आहे.

कारण साधं आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन थंड असताना त्यातली थोडी वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. गाडी बराच वेळ चालली तर ऑइल पुरेसं तापतं आणि ही वाफ उडून जाते. दोन किलोमीटरवर गाडी बंद केली तर ती आतच राहते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापलं असं नसतं. ऑइलला त्याहून जास्त वेळ लागतो. रोज असंच होत राहिलं की ऑइलचा गाळ होतो. तो बारीक नळ्यांमध्ये बसतो आणि मग ऑइल जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही. वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलायला जे काही हजार लागतात, त्यांच्या कितीतरी पट खर्च पुढे इंजिन उघडायला येतो.

डिझेल गाड्यांची आणखी एक अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. या नियमांच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी थोडा वेळ बऱ्या वेगाने धावावी लागते. फक्त गल्लीबोळांत फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर नेणं हा चैनीचा भाग नाही, देखभालीचा आहे. आणि ज्यांची सगळी धाव दोन-चार किलोमीटरची आहे त्यांनी पुढची गाडी घेताना डिझेलचा हट्ट धरू नये, हे बरं.

तिसरा हिशेब : महिने

ऑक्टोबर २०११ मध्ये बय्यप्पनहळ्ळी ते एमजी रोड अशी मेट्रो सुरू झाली आणि इंदिरानगरला स्टेशन मिळालं. ऑक्टोबर २०२३ पासून तीच जांभळी लाइन व्हाइटफील्डपासून चल्लघट्टापर्यंत सलग धावते. अनेक घरांनी गाडी दारात ठेवून मेट्रो धरली. चांगलंच झालं. पण उभी गाडी म्हणजे सांभाळलेली गाडी, असा समज मात्र त्याबरोबर आला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हा समज किती खोटा आहे ते देशभर दिसलं. काही आठवड्यांनी लोक गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि गाडी हूं की चूं करेना. बॅटऱ्या उतरल्या होत्या. कुठे उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, कुठे ब्रेकच्या डिस्कवर गंज चढला होता, कुठे एकाच जागी भार पडून टायर बसले होते.

इंदिरानगरातल्या झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचं आणखी एक दुखणं असतं. वसंतात गुलाबी तबेबुयाच्या फुलांचा सडा गाडीवर पडला की फोटो छान येतात. पण फुलं आणि पानं पुढच्या काचेखालच्या जाळीत साठतात, पाण्याची भोकं बुजतात आणि पहिल्या जोरदार वळवाला पाणी गाडीच्या आत. ही जाळी हाताने साफ करायला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

रोज सकाळी गाडी दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करणारे आजोबा प्रत्येक सोसायटीत भेटतात. हेतू चांगला, पण उपयोग नाही. दोन मिनिटांत बॅटरीचा खर्च भरून निघत नाही आणि थंड इंजिनात वाफ मात्र साठते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटांची चांगली चक्कर मारावी. नातवंडांना घेऊन हलसूरच्या तलावाला वळसा घालून यावं, म्हणजे गाडीलाही बरं आणि आजोबांनाही.

महिन्यांचा हिशेब सगळ्यात कठोरपणे लागू होतो तो रबराला आणि ब्रेक ऑइलला. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. सात-आठ वर्षांचा टायर घेऊन सहाशे किलोमीटरच्या प्रवासाला निघताना निदान तो कुठे तडकला आहे का, हे जाणकाराला दाखवून घ्यावं.

घाटात काय होतं?

आता पुन्हा त्या सावंतवाडीच्या प्रवासाकडे वळू. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे. बेळगावपर्यंत पठारच आहे, त्यामुळे ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. परीक्षा होते आंबोलीच्या उतारावर, तीही पावसात आणि भरल्या गाडीनिशी.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी चालो वा उभी राहो, त्याचं हे काम चालूच असतं. आज बहुतेक गाड्यांत डॉट-४ या प्रतीचं ब्रेक ऑइल असतं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक भयंकर तापतात. ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते आणि जुनं ऑइल आतल्या आत उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ पडून खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

म्हणून मीटर काहीही सांगो, ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. आपल्या पुस्तिकेतली मुदत पाहावी आणि ती पाळावी. आणि ऑइल नवं असलं तरी जुन्या ड्रायव्हरांचा नियम विसरू नये. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि ब्रेकला उसंत मिळते.

बारावीतल्या मुलाच्या आईने विचारलेला प्रश्न या ठिकाणी येऊन पोचतो. मीटरवर पाच हजारसुद्धा झालेले नसतील, पण ब्रेक ऑइलची दोन वर्षं भरली आहेत.

अति तिथं माती

याचा अर्थ उठलं की गाडी गॅरेजात न्यायची असा मात्र नाही. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की दुपारी फोन येतो. इंजिन फ्लशिंग करू का? इंजेक्टर क्लीनिंग? एसीची खास फवारणी? खालून कोटिंग? व्हील अलाइनमेंट तर करावंच लागेल! ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेला माणूस 'करा, करा' म्हणतो आणि संध्याकाळी चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागलेला असतो.

अशा वेळी एकच प्रश्न विचारावा. "हे काम पुस्तिकेत या किलोमीटरला लिहिलंय का? नसेल, तर माझ्या गाडीत असं काय दिसलं म्हणून तुम्ही सुचवताय?" टायर एका बाजूने झिजला आहे किंवा गाडी एका बाजूला ओढते आहे, असं उत्तर आलं तर अलाइनमेंट जरूर करावं. 'सगळेच करतात' असं उत्तर आलं तर नम्रपणे नको म्हणावं. जॉब कार्डावर अंदाजे खर्च लिहून घ्यावा आणि बदललेले जुने पार्ट परत मागावेत. यात संशय घेण्यासारखं काही नाही. शिंपी नाही का उरलेलं कापड परत देत?

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जायचं की ओळखीच्या मेकॅनिककडे, हा वादही जुनाच आहे. गाडी वॉरंटीत असेपर्यंत अधिकृत ठिकाणी वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून त्याची नोंद ठेवणं शहाणपणाचं. त्यानंतर मात्र निवड मालकाची. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुली न ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. पण बाहेरचा मेकॅनिक हाही ग्राहकाच्या हक्काचा पर्याय आहे, ही गोष्ट त्या निमित्ताने ठळकपणे पुढे आली. बंगळुरूच्या जेसी रोडवर सुट्या भागांची दुकानं ओळीने उभी आहेत. चांगला मेकॅनिक तिथून अस्सल भाग आणतो आणि बिलही दाखवतो. फक्त 'जुन्या गाडीला घट्ट ऑइल बरं' असले सल्ले ऐकू नयेत. ऑइलच्या डब्यावरची प्रत पुस्तिकेतल्या प्रतीशी जुळलीच पाहिजे.

मग नेमकं कधी?

इतक्या चर्चेनंतर उत्तर तसं सोपं आहे. आपली गाडी कशी चालते ते आधी ओळखावं.

• रोज ट्रॅफिकमधून ऑफिसला जाणारी गाडी : पुस्तिकेतला 'कठीण वापरा'चा तक्ता धरावा. वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हिसिंग आणि मध्ये, सहा महिन्यांनी किंवा पाच हजारांच्या आसपास, ऑइल आणि एअर फिल्टर दाखवून घ्यावेत. तक्त्यात बदला म्हटलं असेल तर बदलावेत.

• घराजवळच्या छोट्या फेऱ्यांची गाडी : किलोमीटर विसरावेत. वर्ष झालं की सर्व्हिसिंग, मग मीटरवर दोन हजार असोत की तीन. ऑइल बदलण्यात चालढकल नको.

• बहुतेक वेळ उभी असणारी गाडी : वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. ब्रेक ऑइल, बॅटरी, टायर आणि वायरिंग मुद्दाम तपासायला सांगावं. आठवड्याला एक चक्कर.

• महामार्गावर खूप फिरणारी गाडी : इथे किलोमीटर आधी भरतात. वर्षाला वीस हजार होत असतील तर दोनदा सर्व्हिसिंग आलंच. ब्रेक आणि टायर यांच्याकडे जास्त लक्ष.

• विजेवर चालणारी गाडी : देशातली पहिली विजेवरची गाडी म्हणून नाव मिळवणारी रेवा २००१ साली बाजारात आली ती याच बंगळुरूतून. अशा गाडीला इंजिन ऑइल नाही, प्लग नाहीत, क्लच नाही. पण टायर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि एसीचा फिल्टर आहेच. 'हिला सर्व्हिसिंग लागतच नाही' हे खरं नव्हे, कमी लागतं इतकंच.

याशिवाय एक गोष्ट तारीख न बघता करायची असते. गाडी पाण्यात अडकली तर. ५ सप्टेंबर २०२२ च्या सुमारास बंगळुरूच्या आउटर रिंग रोड, बेळ्ळंदूर, यमलूर भागांत पूर आला आणि महागड्या गाड्यांची नुसती छपरं पाण्यावर दिसत होती. लोकांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावं लागलं. अशी बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर 'बघू या तरी' म्हणून स्टार्ट करू नये. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. गाडी ओढूनच न्यावी. विमा उतरवतानाही इंजिनाच्या अशा नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलं आहे का, ते पाहून ठेवावं.

आणि घरच्या घरी? महिन्यातून एका रविवारी, इंजिन थंड असताना, बोनेट उघडावं. डिपस्टिक पुसून ऑइल बघावं. कूलंट आणि ब्रेक ऑइलच्या डब्यांवरच्या खुणा बघाव्यात. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. टायरमधली हवा, वायपरचं रबर आणि सगळे दिवे बघावेत. दहा मिनिटांचं काम आहे. मुलांना सोबत घेतलं तर त्यांनाही गाडी म्हणजे नुसता स्क्रीन आणि गाणी नव्हेत हे कळतं.

डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवावी. विमानाला असते तशी. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर, काय बदललं, पुढची तारीख कोणती. एवढं लिहिलेलं असलं की गॅरेजवाला फसवत नाही आणि आपण स्वतःलाही फसवत नाही. पुढे गाडी विकताना ही वही गिऱ्हाइकाला दाखवता येते, तो फायदा वेगळाच.

लांबच्या प्रवासाआधी गाडी दाखवायची असेल तर निघायच्या आदल्या दिवशी मात्र टाकू नये. निदान आठवडाभर आधी टाकावी. काही नट सैल राहिला असेल, कुठे ऑइल गळत असेल, तर ते इंदिरानगरातच कळावं, चित्रदुर्गच्या पुढे रात्री अकरा वाजता नव्हे.

तेव्हा त्या घरातल्या गृहस्थांनी आता वाद घालण्यात अर्थ नाही. गणपतीला अजून आठ दिवस आहेत. गाडी उद्याच टाकावी, ब्रेक ऑइल आठवणीने बदलून घ्यावं आणि येताना त्या छोट्या वहीचे पैसे तेवढे खर्चाला धरावेत. पहिली नोंद कोणाच्या अक्षरात करायची, हे त्या घरात आता वेगळं सांगायला नको.